तुमचं आवडतं होल कोणतं? डिस्क गोल्फवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिसबीसारखी चकती लांबून बास्केटमध्ये टाकायचा खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक लाडकं होल असतं, तुमचं कोणतं ते कळवा. वाटलं होतं दोन-चार जण लिहितील. पण बरीच पत्रं आली, काही खेळणाऱ्यांची, काही घरातल्या कुणाला तरी खेळताना बघणाऱ्यांची, आणि त्यात उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त होते. सगळे घेता येणार नाहीत म्हणून ज्यांच्यावर मला मनापासून बोलावंसं वाटलं ते निवडलेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दर रविवारी डिस्क गोल्फ खेळायला जातो आणि घरी आला की सातव्या होलला असं झालं, तिसऱ्याला तसं झालं, हेच चालू असतं. पण जमिनीत खड्डा तर कुठेच नसतो म्हणे. मग होल कशाला म्हणायचं? (एक आई, सदाशिव पेठ)

खड्डा नसतो हे अगदी खरं, नाव गोल्फवरून आलंय. जिथून पहिली फेक टाकायची ती जागा म्हणजे टी, मधलं सगळं रान म्हणजे फेअरवे, आणि शेवटी एका खांबावर बसवलेलं लोखंडी बास्केट, ज्याच्या वरून साखळ्या लोंबत असतात, डिस्क त्या साखळ्यांवर आपटते आणि खाली जाळीत पडते. जितक्या कमी फेकींत पडेल तेवढं चांगलं. या टीपासून बास्केटपर्यंतच्या सगळ्या पट्ट्याला मिळून होल म्हणतात, त्यामुळे तुमचा मुलगा "सातवं होल" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर तिथलं झाड, तिथला उतार, तिथला वारा असं सगळं असतं.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला बास्केटही नव्हतं. लोक झाडाला, खांबाला, कचऱ्याच्या पिंपाला नेम धरून फ्रिसबी मारायचे. एड हेड्रिक म्हणून एक माणूस होता, फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेला, त्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या जवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स, म्हणजे एकापाठोपाठ होल असलेलं मैदान, आखला. तिथे आधी नुसते खांब होते आणि डिस्क लागली की नाही लागली यावरून वाद व्हायचे, म्हणून त्याने मुलाला हाताशी धरून साखळ्यांचं बास्केट बनवलं, त्याचं पेटंट १९७७ मध्ये मिळालं. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्का बनवल्या गेल्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी हातातल्या डिस्ककडे बघत बसले होते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र मुळशीकडे एकाच्या शेतावर नऊ होल लावून दोन वर्षं खेळतोय. परवा जेवताना विषय निघाला की कुणाचं आवडतं होल कोणतं, तर सहा जणांची पाच वेगळी उत्तरं. मी तिसरं म्हणालो तर सगळे हसायला लागले, कारण पार तीनच्या, म्हणजे तीन फेकींत व्हायला हव्या अशा, त्या होलवर मला आजपर्यंत एकदाही चारच्या खाली जमलेलं नाहीये. सहाव्यावर मला बहुतेक वेळा बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फेक कमी, मिळते पण ते होल घरी आल्यावर आठवतसुद्धा नाही. हे असं का होतं? (एक वाचक, कोथरूड)

तुमच्या मित्रांना सांगा हसू नका, कारण तुमचं उत्तर मला त्या सहांपैकी सगळ्यात खरं वाटलं. आवडतं होल आणि चांगला स्कोर येणारं होल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच जणांना हे कळायला वर्षं लागतात.

माझंच सांगते. आम्ही पुरंदर तालुक्यात एका मैत्रिणीच्या शेतावर खेळतो, तिथेही नऊच होल आहेत, आणि माझा जीव आठव्यावर आहे. विहिरीच्या कडेला टी, बास्केट ६२ मीटरवर, आणि दोघांच्या बरोबर मध्ये एक जुनी चिंच. टीवरून बास्केटचा फक्त खालचा अर्धा भाग दिसतो, वरचा फांद्यांत जातो. उजवीकडे मोकळं पडीक रान आहे, मी उजव्या हाताची, त्यामुळे बॅकहँडने, म्हणजे हात छातीसमोरून फिरवून, टाकलेली माझी डिस्क शेवटी शेवटी डावीकडे वळते, म्हणजे डिस्क तिरकी धरून उजवीकडे लांब सोडली तर चिंचेला वळसा घालून ती बास्केटकडे येते, याला हायझर म्हणतात. ही वाट बिनधोक पण लांबची, माझ्या हातात तेवढी ताकद नाही, डिस्क पंधरा-वीस मीटर अलीकडेच पडते. डावीकडून चिंच आणि ओढा यांच्यामधून एक फट आहे, तिथून फोरहँड, म्हणजे हात अंगाच्या बाजूने फिरवून, टाकायचा, तो उलट डावीकडून उजवीकडे वळतो, म्हणजे आधी डिस्क ओढ्याच्या वर नेऊन सोडायची आणि ती परत येईल यावर भरवसा ठेवायचा. आली तर थेट बास्केटच्या पायाशी, नाही आली तर ओढ्यात, ओबी म्हणजे हद्दीबाहेर, एका फेकीचा दंड. आणि तिसरी वाट म्हणजे पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, घेऊन फांद्यांच्या खालून जमिनीलगत सरळ, जी कुणालाच आवडत नाही पण पावसात हात निसरडे झाले की सगळे गुपचूप तीच घेतात.

आता बघा, त्या टीवर मी किती वेळा उभी राहिले असेन, आणि दर वेळी मला ठरवावं लागतं. माझ्या मते आवडत्या होलचं मूळ हेच आहे, समोर दोन वाटा दिसायला हव्यात आणि त्या दोन्ही खऱ्या हव्यात, म्हणजे एक धोक्याची पण जवळची, एक सुरक्षित पण महाग. एकच वाट असेल तर तुम्ही फक्त ती नीट चाललात की नाही एवढंच उरतं. आमचं पहिलं होल ४५ मीटरचं सरळ उघडं आहे, सगळ्यांना तीन पडतात, कधीतरी दोन, आणि त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढत नाही. कोर्स आखणारे लोकही हाच हिशोब बघतात, ज्या होलवर सगळ्यांचा स्कोर सारखा येतो ते होल चांगलं खेळणारा आणि वाईट खेळणारा यांच्यात फरकच करत नाही. तुमच्या सहाव्याचं तेच झालंय बहुतेक. ते तुम्हाला काही विचारतच नाही.

पण नुसतं अवघड असून पण भागत नाही हं. मी एके ठिकाणी खेळले होते, तिथे टीच्या पुढ्यातच सुबाभळीच्या वीस-पंचवीस बारक्या काठ्या उभ्या होत्या, एकदम चाळणीसारख्या, तुम्ही कितीही छान टाका, लागायची तर लागते आणि नाही तर जाते. तिथे पाच पडले तरी वाईट वाटलं नाही आणि दोन पडले तरी आनंद झाला नाही, कारण दोन्हीत माझा हात नव्हता. होलने मारलं तरी चालतं, पण का मारलं ते कळलं पाहिजे. चिंचेला डिस्क लागते तेव्हा मला हातातून सुटतानाच कळलेलं असतं की मनगट उशिरा फिरलं.

आणि डिस्क दिसली पाहिजे. चार-पाच सेकंद ती हवेत असते, तेवढाच तर खेळ आहे खरं म्हणजे, बाकी सगळं चालणं आणि शोधणं. जिथे डिस्क दुसऱ्या सेकंदाला झाडीत शिरते आणि मग नुसता खडखडाट ऐकू येतो ते होल मला कधीच जवळचं वाटलं नाही. आठव्यावर फोरहँड टाकला की ती ओढ्यावर जाते, एक क्षण तिथेच लटकल्यासारखी वाटते, आपण श्वास रोखून "ये, ये, ये" म्हणत असतो, आणि मग ती वळते.

राहिलं शेवटचं, ते कुठल्या नियमात बसत नाही. आठव्याचं बास्केट घराच्या मागच्या पडवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. साखळी वाजली की मैत्रिणीच्या सासूबाई आतून चहा टाकतात, कारण मग एकच होल उरलेलं असतं. त्यामुळे तो साखळीचा आवाज आणि उकळत्या आल्याचा वास हे माझ्यासाठी एकच झालंय. असं काहीतरी तुमच्या तिसऱ्यालाही चिकटलेलं असणार, आठवून बघा.

तुमच्याबद्दल माझा अंदाज सांगू? तिसऱ्यावर तुम्हाला चार पडतात, पण टीवर उभे राहता तेव्हा तीन दिसतो. दर वेळी दिसतो. एक साधी परीक्षा करा, रात्री झोपताना डोळे मिटून एकेक होल मनात खेळायला घ्या. ज्या होलवरची झाडं न आठवता आपोआप जागच्या जागी येऊन उभी राहतात ते तुमचं होल.

प्रश्न : माझं वय ५४, खांदा दुखतो, डिस्क तीस मीटरच्या पुढे जात नाही. आमच्या ग्रुपमधली तरुण पोरं सत्तर-ऐंशी मीटर सहज टाकतात आणि त्यांची आवडती होल ऐकली की वाटतं हा खेळ माझ्यासाठी नाहीच. (एक वाचक, बिबवेवाडी)

खेळ तुमच्यासाठी आहे, टी तुमच्यासाठी नाहीये. हा फार मोठा फरक आहे आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

वर मी चिंचेचं होल सांगितलं ना, ते ६२ मीटरवरून आवडतं कारण ६२ मीटरवर माझ्यापुढे खरंच दोन वाटा आहेत. तेच मला शंभर मीटरवरून खेळायला लावलं तर पहिल्या फेकीत मी चिंचेपर्यंत पोचतच नाही, मग कसली निवड, कसली वाट, नुसतं पुढे ढकलत राहायचं. जगभरच्या चांगल्या कोर्सवर एकाच होलला दोन-दोन, तीन-तीन टी असतात, लांबची, मधली, जवळची, आणि बास्केट तेच. जवळच्या टीवरून खेळणं म्हणजे सवलत नाही, तुमच्या हाताला तेच कोडं त्याच मापात मिळतं एवढंच.

तर ग्रुपला सांगून प्रत्येक होलवर तुमच्या तीस मीटरच्या हिशोबाने एक दगड ठेवा. एकदा तरुण पोरांनाही तिथून फक्त पटर घेऊन खेळायला लावा, बघा किती जणांना घाम फुटतो. आणि खांद्यासाठी एक, बॅकहँडमध्ये ताकद खांद्याने काढायची नसते, ती कंबर आणि पाय फिरवून येते, हात नुसता मागोमाग येतो. दुखणं राहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा मात्र.

प्रश्न : जगातलं सगळ्यात भारी होल कोणतं? मी अकरावीत आहे, व्हिडिओ बघून शिकतोय. (सिंहगड रोड)

अरे तू व्हिडिओ बघतोस म्हणजे २०२१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघितलीच असशील, नसशील तर आज बघ. अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेनला शेवटचा राउंड, शेवटचं अठरावं होल, जेम्स कॉनराड पॉल मॅकबेथच्या एका स्ट्रोकने, म्हणजे एका फेकीने, मागे. मॅकबेथ तेव्हाच कितीतरी वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला. कॉनराडला डिस्क थेट आत घालण्यावाचून पर्याय नाही आणि बास्केट २४७ फुटांवर, म्हणजे साधारण ७५ मीटर. त्याने टाकली, ती वळत वळत आली आणि साखळीत बसली. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, तो जिंकला. त्यानंतर ते अठरावं होल हजारो लोकांचं आवडतं झालं, ज्यांनी तिथे पाऊलही ठेवलेलं नाही.

साउथ कॅरोलायनात रॉक हिलला विन्थ्रॉपचा कोर्स आहे, यूएस चॅम्पियनशिप तिथे होते. त्याच्या सतराव्याला बास्केटच्या भोवती गवताचे गठ्ठे रचून एक बेट केलेलं असतं, त्याच्या आत पडलात तर ठीक, बाहेर पडलात तर दंड. अंतर काही फार नाही, प्रो लोक असं अंतर सरावाला डोळे झाकून टाकतील, पण स्पर्धा संपायला दोनच होल उरलेली असताना तिथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. आणि कॅलिफोर्नियात सांताक्रूझला डेलाव्हिएगाचं सत्ताविसावं, ज्याला टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर टी, समोर सगळा उतार, लांबवर समुद्र. तिथे डिस्क खाली येईचना असं वाटतं.

यातलं सगळ्यात भारी कोणतं ते मी नाही सांगणार, पण तुला दिसलं का, तिघांची कारणं वेगळी आहेत. एक तिथे काय घडलं म्हणून, एक तिथे काय पणाला लागतं म्हणून, आणि एक तिथे डिस्क किती वेळ उडते म्हणून. आता तू तुझ्या सोसायटीच्या मैदानात खेळतोस म्हणालास ना, तिथे समुद्र नाही आणि कॅमेरे पण नाहीत, पण खडूने एक वर्तुळ आखून बेट करता येतंच की. कर आणि मला कळव किती वेळा आत पडली.

प्रश्न : आमचं सगळ्यांचं आवडतं होल हिवाळ्यात सोन्यासारखं खेळतं आणि जून आला की तेच होल अंगावर येतं. डिस्क त्याच, हात तोच. काय बदलतं? (हडपसर)

वारा बदलतो. आपल्याकडे थंडीत सकाळी हवा जवळपास स्थिर असते, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो थांबायचं नाव घेत नाही. तुमचं होल पश्चिमेकडे तोंड करून असणार, पैज लावते.

समोरून वारा आला की डिस्कला वाटतं आपण जास्त जोरात चाललोय, कारण तिच्यावरून जाणारी हवा जास्त वेगाने जाते. आणि वेग वाढला की उजव्या हाताच्या बॅकहँडची डिस्क उजवीकडे कलंडायला बघते. थंडीत जी डिस्क सरळ जाऊन शेवटी डावीकडे अलगद बसायची तीच जूनमध्ये उजवीकडे पालथी होते आणि वाऱ्यावर कुठच्या कुठे जाते. अशा वेळी जरा हट्टी डिस्क घ्यावी, जिला ओव्हरस्टेबल म्हणतात, जी सहजासहजी उजवीकडे कलत नाही, आणि खाली टाकावी. मागून वारा असेल तर उलटं, डिस्क लवकर बसते आणि लवकर डावीकडे वळते, तिथे मऊ, अंडरस्टेबल डिस्क कामाला येते. डावखुरे असाल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं धरा.

याला मी तक्रार म्हणून नाही बघत. एकाच टीवर तुम्हाला वर्षातून दोन होल मिळतात. खरंच आवडतं असेल ते होल तर जूनमधलं पण शिका, वाऱ्यात त्याच एका टीवर वीस डिस्का टाकून बघा, चार शनिवार. आमच्या आठव्याला पावसाळ्यात वारा बरोबर ओढ्याच्या बाजूने येतो आणि फोरहँडला परत आणून देतो, ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली.

प्रश्न : सासवडजवळ आमची थोडी जमीन आहे, सीताफळाची बाग सोडून कडेला दीड-दोन एकर पडीक आहे. तिथे एक तरी होल करायचंय, असं की माझा दहा वर्षांचा मुलगा, मी आणि ६८ वर्षांचे बाबा, तिघांनाही ते आवडेल. कशी सुरुवात करू? (बाणेर)

किती छान प्रश्न. एकच होल करताय हे तर फारच छान, कारण लोक एकदम नऊ आखायला जातात आणि एकही धड होत नाही.

आधी काही बांधू नका. तिघंही जण जाऊन नुसतं फिरा आणि जिथे तुम्हाला आपोआप डिस्क टाकावीशी वाटते ती जागा शोधा, बहुतेक ती बांधावर किंवा एखाद्या उंचवट्यावर निघेल. तिथे एक काठी रोवा. मग एक झाड निवडा, असं की ज्याच्या दोन्ही बाजूंनी जाता येईल. सीताफळाचं झाड ठेंगणं असतं, तेही चालेल, त्याच्यावरून किंवा बाजूने अशी निवड होते. मात्र बागेत ओळींच्या मध्ये नको, फळं लागलेली असताना डिस्क बसली की नुकसान होतं. बास्केटच्या जागी महिनाभर नुसती बादली ठेवून खेळा. दर वेळी बादली थोडी हलवा. एक जागा अशी येईल की तिघंही म्हणाल, आता इथून हलवू नका.

टी तीन करा, मुलाला पंचवीस मीटर, बाबांना तीस-पस्तीस, तुम्हाला साठ-पासष्ट, पण तिन्ही टीवरून ते झाड वाटेत आलं पाहिजे, नाहीतर बाबांना नुसतं सरळ टाकायला मिळेल आणि त्यांना दोन आठवड्यांत कंटाळा येईल. टीची जमीन सपाट आणि घट्ट हवी, पाय मुरगळतो तो टीवरच. संध्याकाळी खेळणार असाल तर पश्चिमेकडे तोंड करून टी नको, सूर्य डोळ्यात जातो आणि डिस्क दिसत नाही. विहीर असेल तर आधी जाळी टाका, मगच बाकी सगळं.

बास्केट घरी करता येतं. आमचं पहिलं आम्ही बोहरी आळीतून साखळी आणून आणि ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइपावर दोन कड्या बसवून केलं होतं. जाळीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, अधिकृत बास्केटची साधारण तेवढीच असते. साखळ्या दोन थरांत लावा, बाहेरच्या आणि आतल्या, एकाच थरातून डिस्क आरपार जाते. आणि बास्केटभोवती १० मीटरचं वर्तुळ चुन्याने आखून घ्या, कारण नियमाने त्या वर्तुळाच्या आतून पुट, म्हणजे बास्केटमध्ये घालायची जवळची फेक, करताना तोल सांभाळून आपल्या जागीच थांबावं लागतं, पुट मारून पुढे पडायचं नसतं, आणि मुलांना ती रेघ दिसली की त्यांचा चेहराच बदलतो.

एक विनंती आहे. सगळ्यात चांगली वाट उघडी करायची म्हणून झाडाच्या फांद्या तोडू नका. अडचण वाटणारी फांदीच सहा महिन्यांनी त्या होलचं नाव होते.

प्रश्न : वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर झाडांना नेम धरून खेळलं तर चालेल का? बास्केट नाही, काही नाही, फक्त डिस्क. (एरंडवणे)

नको. मला दोन्ही जागा फार प्रिय आहेत आणि म्हणूनच नको म्हणते. डिस्क साधारण १७५ ग्रॅमची असते, कडक प्लास्टिक, धार तिरकी, नवशिक्याच्या हातूनही ती चांगल्या वेगाने सुटते, आणि टेकडीवर सकाळ-संध्याकाळ आजी-आजोबा, पोरं, कुत्री सगळे वाटेवर असतात, वळणापलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. शिवाय ते मोरांचं आणि पक्ष्यांचं घर आहे, जंगलाची जमीन आहे. झाडाच्या बुंध्यावर रोज डिस्का आपटल्या की साल उडते. मोकळं मैदान बघा, परवानगी घ्या, नेमाला स्वतःची बादली न्या. कुणीही समोरून येत असेल तर फेकायचं नाही, आणि चुकून डिस्क माणसाच्या दिशेने गेलीच तर लाजायचं नाही, जोरात ओरडायचं.

प्रश्न : आमच्या आवडत्या होलवरचं मोठं झाड वादळात पडलं. तेव्हापासून तिथे खेळावंसंच वाटत नाही. नवीन झाड लावलंय पण ते कधी मोठं होणार. (औंध)

मला समजतंय. गेल्या पावसात आमच्या चिंचेची डावीकडची मोठी फांदी मोडली. ओढ्याच्या बाजूची जी फट मी इतकी वर्षं जपून खेळत होते ती एका रात्रीत दुप्पट रुंद झाली, आणि त्या आठवड्यात माझा फोरहँड पहिल्यांदाच तीनदा लागोपाठ बास्केटपाशी गेला. मला अजिबात आनंद झाला नाही. मैत्रिणीच्या सासूबाईंनी चहा आणून दिला आणि विचारलं, आज काय झालं, तर मला सांगता येईना.

तुम्ही एक करा, नवीन झाड वाढेपर्यंत थांबू नका. पडलेलं खोड तिथेच राहू देता येत असेल तर राहू द्या, त्याच्या आडून, त्याच्यावरून, त्याला टेकून बसून, काहीतरी नवीन वाट निघते. नाहीतर टी हलवा. आम्ही बरेच दिवस वाद घातला आणि शेवटी टी विहिरीच्या पलीकडे नेली, नऊ मीटर मागे आणि थोडी उजवीकडे, तिथून चिंच परत बरोबर मध्ये येते आणि डावीकडची फट परत अरुंद दिसते. दगड लावून झालेत, जमीन चोपून झालीये. येत्या रविवारी तिथून पहिल्यांदा टाकायचंय आणि पहिला मान सासूबाईंचा आहे, त्यांनी आजवर एकदाही डिस्क हातात घेतलेली नाही.